फील्ड्स गेला

नेपरव्हिल
रविवार, १७ मार्च २०२४, रात्री पावणेबारा

प्रिय नंद्या,

संक्रांतीला तुझा फोन आला तेव्हा 'नंतर करतो' म्हणालो आणि तो 'नंतर' आज उजाडतोय. दिवाळीच्या फराळाचा फोटो टाकलास, त्यालाही नुसता अंगठा दाखवून गप्प बसलो. राग धर, तुझा हक्क आहे. इथे सगळे बरे. माझी साखर आटोक्यात आहे, अनघाचा खांदा आता वरपर्यंत जातो. तब्येतीचं एवढंच.

लिहायचं कारण, फील्ड्स गेला. आपल्या शिकागो बेअर्सनी आपला क्वार्टरबॅक, अमेरिकन फुटबॉलमधला डाव चालवणारा आणि बॉल फेकणारा गडी, दुसऱ्या संघाला देऊन टाकला.

बातमी तुला कळली असणारच. ती माझ्या घरात कशी आली ते सांगायचंय. काल सकाळी इराला घेऊन नदीवर गेलो होतो. सेंट पॅट्रिकचा शनिवार, पुलावर पाय ठेवायला जागा नाही, पाणी ते तसलं पोपटी. पोरगी एक नंबरचा शर्ट जाकिटावरून चढवून आली होती, दिसायला पाहिजे म्हणून. संध्याकाळी मी इडलीचं पीठ वाटत होतो तेवढ्यात अनघानं फोन डोळ्यांसमोर धरला. पिट्सबर्ग. बदल्यात पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमधला, कॉलेजातली पोरं संघांनी पाळीपाळीनं निवडायची त्यातला, सहाव्या फेरीचा पिक; तिथे तो पुरेसा खेळला तर चौथ्या फेरीचा. सहाव्या फेरीचा, नंद्या! २०२१ला त्याच्यासाठी विसाव्या पाळीवरून अकराव्यावर चढायला आपण जायंट्सना त्यापुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक मोजला होता. तीन वर्षांत पोराची ही किंमत झाली.

मिक्सर बंद केला तर इरा जिन्यात उभी. सगळं ऐकलेलं. रडली नाही. म्हणाली, "बाबा, तुलापण तो नको होता का?"

मी म्हणालो, "नाही गं." आणि ते खोटं होतं. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

३१ डिसेंबरला मी आणि ती सोल्जर फील्डला, बेअर्सच्या स्टेडियमवर, होतो. अटलांटाची मॅच. बर्फ पडत होता, बाकाचं लोखंड दोन पँटींतून लागत होतं. कोकोच्या कपावर पडलेला बर्फ ती जिभेनं टिपत होती. ३७-१७ जिंकलो. शेवटी शेवटी लोक ओरडायला लागले, आम्हाला फील्ड्स हवा, आम्हाला फील्ड्स हवा. इरा माझ्या कानाशी किंचाळत होती आणि मीही, घसा बसेपर्यंत. खरं सांगतो, मनापासून. पण डाव्या हातात फोन होता आणि त्यावर पँथर्स जॅक्सनव्हिलकडून २६-० हरत होते. त्यांचा पहिला पिक आपल्याकडे, म्हणजे ते हरले की ड्राफ्टचा पहिला नंबर आपला. तो आकडा पाहून मला जो आनंद झाला तोही मनापासूनचाच होता. तोंडानं एका पोराचा जयजयकार आणि खिशात त्याच्या जागी येणाऱ्याचं आमंत्रण. त्या दिवसापासून तो शर्ट दोरीवर दिसला की मला कसंतरी होतं.

आणि मला अण्णा आठवतात. २९ एप्रिल २०२१. तुमच्याकडे तीस तारखेची सकाळ. तू सिलिंडरसाठी कुठे कुठे फिरत होतास, आणि त्यातून तुझा मेसेज आला, 'कोण मिळाला?' मी लिहिलं, 'फील्ड्स.' तू लिहिलंस, 'सांगतो त्यांना.' तू त्यांना सांगितलंस का, त्यांना कळलं का, हे मी तुला कधी विचारलं नाही. आजही विचारत नाही. पण माझ्या लेखी तो पोरगा अण्णांना सांगितलेली शेवटची बातमी होता. त्याला असा बाहेर काढताना मी मनात हो म्हणालो.

आता वादाचं बोलू. नाहीतर रात्रभर हेच लिहीत बसेन.

पहिला पिक कॉलेजातल्या क्वार्टरबॅकचा, केलेब विल्यम्सचा, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही. जानेवारीपर्यंत होती. तेव्हा माझं म्हणणं होतं, फील्ड्स ठेवा, पहिला नंबर विका, थोडं खाली सरकून पास पकडणारा मार्विन हॅरिसन घ्या. बाप हॉल ऑफ फेममध्ये, पोरगं ओहायो स्टेटचं, फील्ड्सच्याच कॉलेजचं. घरचाच मामला. पण हिशेब मांडला की पुढे सरकेना. फील्ड्सच्या पाचव्या वर्षाच्या कराराचा निर्णय मेमध्ये घ्यायचा होता, पंचवीस दशलक्ष डॉलरच्या वर. नवा पोरगा चार वर्षं त्याच्या कितीतरी कमी पैशांत राहतो आणि उरलेल्या पैशांत बाकीचा संघ उभा करता येतो. शिवाय ३८ सामन्यांत सुरुवातीपासून खेळला तो, त्यातले १० जिंकले. मी त्याच्या बाजूनं कितीही भांडलो तरी १० चे २० होत नाहीत.

जेडन डॅनियल्सबद्दल तू बोलशीलच, तुला पळणारे क्वार्टरबॅक आवडतात. गेल्या वर्षी ४० टचडाउन आणि फक्त ४ इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांच्या हातात गेलेले पास, वर हजार यार्ड पळाला, हाइजमन, कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी, त्याचीच. सगळं मान्य. पण अंगानं काडी. आपल्या ओ-लाइनमागे, क्वार्टरबॅकला राखणाऱ्या गड्यांच्या भिंतीमागे, उभा राहिला तर हॅलोविनपर्यंत टिकायचा नाही. ड्रेक मे उंचापुरा, हात दणकट, पण नॉर्थ कॅरोलायनाचा. त्या गावाहून सून करायची हिंमत आता माझ्यात नाही.

हो, ट्रुबिस्की. २०१७चा, त्याच कॉलेजचा. मला माहीत होतं तू इथे थांबून हसणार. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर एक पायरी चढायला तीन जादा पिक दिले, तेही जो कॉलेजात तेराच सामन्यांत सुरुवातीपासून खेळला त्याच्यासाठी. आणि मी त्याची बाजू घेतली म्हणून तू तीन आठवडे माझ्याशी बोलला नाहीस. देवॉन रस्त्यावरच्या त्या हॉटेलात वेगळ्या टेबलावर बसलास, नंद्या! चाळिशीला टेकलेला माणूस! पण एक लक्षात ठेव, त्याच ड्राफ्टमधल्यांत तू वॉटसन म्हणत होतास. पुढे कॅन्सस सिटीला विजेतेपदं मिळवून देणारा महोम्स तुझ्याही तोंडी नव्हता. गेली सात वर्षं तू असा आव आणतोयस की जणू कॅन्सस सिटीला फोन तूच लावला होतास.

केलेबकडे वळतो. हाइजमनच्या वर्षी ४२ टचडाउन, पुढच्या वर्षी संघ ढेपाळला तरी ३०. पण आकड्यांनी मला जिंकलं नाही. डाव मोडल्यावर तो काय करतो ते बघ. समोरची भिंत कोसळलेली, दोघं अंगावर आलेले, तो एक पाऊल मागे, एक बाजूला, आणि हात खांद्याच्या खालूनच फिरवून चाळीस यार्डांवरच्या माणसाच्या छातीवर बॉल. ते मी दहा दहा वेळा मागे नेऊन पाहिलंय. त्यातच त्याची खोडही आहे. बॉल सोडत नाही, आणखी काहीतरी मिळेल म्हणून धरून ठेवतो. नोत्र दामला तीन इंटरसेप्शन झाले ते असेच. फील्ड्सची खोड हीच होती, हे इराही सांगेल.

लोक त्याच्या रंगवलेल्या नखांवर बोलतात, इंडियानापोलिसला ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत वैद्यकीय तपासणी नाकारली त्यावर बोलतात, आणि सगळ्यात जास्त त्या रडण्यावर. नोव्हेंबरात वॉशिंग्टनकडून ५२-४२ हरल्यावर तो गॅलरीत चढून गेला आणि आईच्या कुशीत तोंड खुपसून रडला. पुढारपण करणाऱ्यानं असं करू नये म्हणे. नंद्या, मला तो त्याच वेळी आवडला. ६ जानेवारी २०१९ला आपल्या पार्कीची किक आधी खांबाला, मग आडव्या दांडीला लागून परत आली, १५-१६ हरलो, आणि तू माझ्या शेजारी हातमोज्यांत तोंड लपवून रडलास. अण्णांनी काही न बोलता स्वतःचा मफलर काढून तुझ्या गळ्यात घातला. तुला हरणं लागत होतं. त्या पोरालाही लागतं. असा माणूस मला क्वार्टरबॅक म्हणून चालेल.

अनघा म्हणते, तुझं हे वधूवर सूचक मंडळ झालंय. उंची सहा फूट एक, शिक्षण सदर्न कॅलिफोर्निया, आईवर जीव. मी म्हटलं, आणि पत्रिकेत मंगळ आमच्या बाजूला आहे.

कारण माझी काळजी मुलाची नाहीच. सासरची आहे. शंभर वर्षांहून जुनं घराणं, आणि एका मोसमात चार हजार यार्ड फेकणारा एक क्वार्टरबॅक या घरात झाला नाही. अजून एरिक क्रेमरचे १९९५ सालचे ३८३८ चाललेत. सिड लकमन या जुन्या क्वार्टरबॅकच्या पुण्याईवर किती दिवस काढायचे? १९३९ साली आणला होता त्याला! ट्रुबिस्कीला आणलं तेव्हा फॉक्स कोच होता, वर्षात हाकलला. फील्ड्सला आणलं तेव्हा नॅगी, तोही वर्षात गेला. नव्या कोचनं नवी वही काढायची आणि पोरानं पुन्हा पहिलीपासून अक्षरं गिरवायची. आता एबरफ्लुसला ठेवलाय आणि त्याच्या हाताखाली तिसरा पोरगा देणार. हा माणूस पण पुढच्या वर्षी गेला तर? रात्री झोप लागत नाही ती या विचारानं. अनघाला वाटतं ऑफिसचं काहीतरी आहे.

क्लीव्हलंड आठव. फील्ड्स सुरुवातीपासून खेळला तो पहिला सामना. नऊ वेळा पाडला त्याला. नऊ. पूर्ण सामन्यात संघाच्या नावावर पासिंगचं निव्वळ एक यार्ड जमा झालं. पुढच्या वर्षी ५५ वेळा पाडला, आणि तरी तो उठून ११४३ यार्ड पळाला. मायामीविरुद्ध १७८ पळाला तेव्हा इरा सोफ्यावरून टेबलावर आणि टेबलावरून माझ्या पाठीवर. असं पोर कुणी कसं वाढवलं असतं आणि आपण कसं वाढवलं. बाविसाव्या वर्षी ज्याला नऊ वेळा आडवा पाडला, तो बॉल केव्हा सोडायचा हे शिकणार कधी? जिवाच्या आकांतानं धावायलाच शिकणार. तेच आपण त्याला शिकवलं आणि मग त्याचाच दोष काढला.

म्हणून माझं म्हणणं आहे की नववा पिक ओ-लाइनवर घालवा. नववा आपला स्वतःचा आहे, दहा हरल्याचं बक्षीस. जो ऑल्ट तिथपर्यंत उरला तर देव पावला, पण उरणार नाही. ओलू फशानू उरेल. उजव्या बाजूला गेल्या वर्षी डार्नेल राइट आणलाच आहे. दुसरीकडे भिंत उभी करा आणि पोराला तीन सेकंद श्वास घेऊ द्या. सगळे ओडुन्झे ओडुन्झे करतायत. वाईट नाही, हात गोंदासारखे आहेत त्याचे. पण पास पकडायला डीजे मूर आहे, गुरुवारी कीनन ॲलन आलाय. दिवाणखान्यात तिसरा झुंबर लावायचा आणि घर मात्र गळतंय.

आज दुपारी हाइड पार्कात काम होतं, तेव्हा मुद्दाम ५५व्या रस्त्यानं गेलो. आपली खोली तशीच आहे, फक्त खिडकीत कुणीतरी तुळस ठेवलीय, का बेझिल असेल. रेगनस्टाइनवरून जाताना तुझी बर्वांगरची गोष्ट आठवली. मैदान पाडून त्या जागी लायब्ररी झाली आणि तिथे बसून तू इकॉनॉमेट्रिक्सऐवजी जुने स्कोअर वाचायचास. १९३६चा पहिलावहिला ड्राफ्ट, पहिलंच नाव याच कॉलेजच्या पोराचं, फिलाडेल्फियानं घेतलं, बेअर्सच्या हॅलसनं त्याचे हक्क शिकागोला आणले, पैशावरून जमलं नाही आणि जे बर्वांगर एकही सामना न खेळता फोम विकायला लागला. तेव्हा आपण खूप हसलो होतो. घरी आल्यावर ती गोष्ट इराला सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, "त्याला कुणी विचारलं होतं का, तुला कुठे जायचंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. फील्ड्सला कुणी विचारलं की नाही, तेही मला माहीत नाही.

तुझं काय चाललंय? मुक्ताची दहावी सुरू असेल, तिला म्हणावं शेवटचे पेपर सांभाळ. वैशालीवहिनींच्या बदलीचं काही कळलं का? ते बावधनचं घर घेऊ नकोस असं मी म्हणालो होतो, पण घेतलं असशील तर अभिनंदन, फोटो पाठव. काकूंना नमस्कार.

ड्राफ्ट २५ एप्रिलला, डेट्रॉइटला. आमचे संध्याकाळचे सात, तुमची शुक्रवारची पहाट, साडेपाच. गजर लाव. फोन मी करीन, या वेळी 'नंतर' नाही. केलेबचं नाव पुकारलं की दोन मिनिटं काही बोलू नकोस, इरा शेजारी असेल. तिला खरं काय ते त्याच्या आधी सांगायचं ठरवलंय. कसं सांगू ते सुचलं तर लिही, तुला पोरींशी बोलणं जमतं.

शर्ट तिनं आज स्वतः धुतला आणि कपाटात उलटा टांगला, नाव आतल्या बाजूला.

तुझा,
मन्या

ता. क. : नवव्या पिकबद्दल तुझं काय म्हणणं आहे ते सविस्तर कळव. ओडुन्झे लिहिणार असशील तर वेगळ्या टेबलावर बसून लिही.