दिल्यास: लाईट आली आणि स्लाइड निघाली

भोसरी, रविवार

प्रिय दिल्या,

गणपतीत फोन करतो म्हणालो होतो, राहिलंच. शिव्या नंतर घाल, आधी हे ऐक. तब्येत बरी, शुगर आहे तेवढीच आहे.

आपल्या ड्रिलिंग मशीनच्या गॅलिलमध्ये, म्हणजे मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये, शेठनी नव्या पोराकडून हॅश-ऑटो टाकून घेतला, म्हणजे लाईट आली की प्रोग्राम आपोआप सुरू. रोज सकाळी लॅपटॉप जोडून एक्सक्यू मारायची, म्हणजे प्रोग्राम हाताने सुरू करायची कटकट नको, एवढंच कारण. पोराने बीपी मारून प्रोग्राम बर्न केला, म्हणजे लाईट गेली तरी तो कंट्रोलरमध्ये राहणार. गुरुवारी लाईट गेली. काशिनाथ जॉब काढायला फिक्स्चरमध्ये, जॉब पकडतो त्या साच्यात, वाकलेला. मेन स्विच बंद करायची आपल्याकडे पद्धत कुठे आहे! लाईट आली, कंट्रोलरला ऑटो सापडला, एसएचने मोटर धरली, बीजी झालं, म्हणजे चाल सुरू, आणि जॉब पुढे नेणारी स्लाइड निघाली. हात वाचला रे. बाही फाटली. वर काशिनाथ मला म्हणतो, चहा घ्या साहेब, तुम्हीच पांढरे पडलात.

मी प्रोग्राम वाचून काढला. त्यात चूक अशी काहीच नाही. किती सरकायचं ते सांगणारा पीआर ४०००, म्हणजे फेरे मोजणारा १००० लाइनचा एनकोडर चौपट मोजून स्क्रूचा एक फेरा, ५ मिमी. बीजीच्या पुढे थांबायला एएम, मग ड्रिल खाली. तूही एएमच लावतोस, तुझाच चेला! एएम कंट्रोलरच्या हिशेबातली चाल संपेपर्यंतच थांबतं, स्लाइड खरंच पोचली का ते एमसी बघतं. चिंचवडच्या ट्रायलला हेच सांगत होतो, तर तू अर्धा चहा टाकून निघून गेलास. अजूनही माझंच खरं आहे.

शेठ म्हणतात, 'हात घालू नये' अशी पाटी लाव. मी म्हटलं, ऑटो ठेवा, पण सुरुवातीलाच एमओ, म्हणजे मोटर बंद, मग एआय १, म्हणजे बटणाची वाट बघणं, आणि स्टार्टचं बटण दाबल्यावरच एसएच. त्यातही आपले लोक बटणात कागदाची घडी कोंबणार, म्हणून आधी एआय उणे १ हवं, बटण सुटलेलं आहे ना हे बघायला. पण दिल्या, या ओळी उद्या कुठलाही पोरगा पुसेल. लाईट गेली की ड्राइव्हचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरची लाईट तोडणारा स्विच, पडला पाहिजे आणि रीसेट दाबल्याशिवाय उचलता कामा नये. हे वायरिंगमध्येच हवं, प्रोग्रामच्या भरवशावर कुणाचा हात ठेवायचा नाही. खर्च ऐकून शेठ म्हणाले, दिवाळीनंतर बघू. पाटी मात्र लगेच रंगवायला टाकली, तीही दोन रंगांत.

ते तुझं ऐकतात. माझ्या तोंडून आलं की त्यांना नुसती भीती वाटते, तुझ्या तोंडून आलं की इंजिनिअरिंग.

वहिनींची बदली थांबली का? चिनूच्या बारावीचं काय? कोइमतूरला अजून इडलीवरच आहेस ना, बरं आहे, पोट गेलं असेल.

ऑटो मी काढून टाकलाय, पोरगा सकाळी लॅपटॉप जोडतो. शेठना अजून पत्ता नाही. बुधवारी ते गावाहून येतील, तेव्हा टेबलावर लॅपटॉप दिसेलच. मंगळवारी रात्रीपर्यंत त्यांना फोन कर.

तुझा,
अव्या