कव्हर होते का, तेही छापा

संपादक महोदय,

मळणीचा हंगाम सुरू झाला की यंत्रात हात गेल्याच्या, शाफ्टला पदर गुंडाळल्याच्या बातम्या येतात. बहुतेक बातम्यांत कारण एका शब्दात उरकलेले असते: हलगर्जीपणा. शेतीची अवजारे जोडणारे आणि दुरुस्त करणारे म्हणून आम्हाला हा शब्द खटकतो.

ट्रॅक्टरचा पीटीओ (अवजाराला ताकद देणारा मागचा फिरता दांडा) मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. त्याला अवजाराशी जोडणाऱ्या शाफ्टचा घेर 16 सेंटीमीटर धरला तरी एका सेकंदात जवळजवळ दीड मीटर कापड त्यावर गुंडाळले जाते. पदर ओढला जातोय हे कळून माणूस मागे सरेपर्यंत तेवढा वेळ गेलेला असतो. इथे सावधपणा अपुरा पडतो. कापड शाफ्टपर्यंत पोचू न देणे हे प्लॅस्टिकच्या कव्हरचे काम. ते शाफ्टवर बेअरिंगने बसते आणि दोन्ही टोकांच्या बारीक साखळ्या ट्रॅक्टरला व अवजाराला अडकवल्या की जागेवर थांबते. आत फक्त शाफ्ट फिरतो. बहुधा आधी साखळी तुटते. मग कव्हर शाफ्टबरोबर फिरते, ग्रीसविना बेअरिंग झिजते, प्लॅस्टिक तडकते आणि खडखड नको म्हणून कुणीतरी ते काढून ठेवते. तपासणी मिनिटभराची आहे: इंजिन बंद करून, किल्ली काढून, कव्हर हाताने फिरवावे. शाफ्ट न हलता ते सहज फिरले पाहिजे. शियर बोल्ट (जास्त ताण आला की आधी तुटावा म्हणून बसवलेला बोल्ट) तुटल्यावर हाताला लागेल तो लांब बोल्ट ठोकतात, तेही घातक. बाहेर आलेल्या टोकात कापड हमखास अडकते, शिवाय दगड लागला की बोल्टऐवजी गिअरबॉक्स जातो.

मळणी यंत्राचे दुखणे वेगळे. पेंढ्या आत सोडायचा पत्र्याचा पाट किमान 90 सेंटीमीटर लांब हवा आणि ड्रमच्या (पीक झोडणाऱ्या आतल्या फिरत्या पिंपाच्या) तोंडाकडचा 45 सेंटीमीटर भाग वरून झाकलेला हवा, म्हणजे बोटे ड्रमपर्यंत पोचत नाहीत. पाट आखूड किंवा उघडा असेल आणि पीक ओलसर असेल, तर गोळा तोंडाशी अडतो व मजूर तो हाताने रेटतो. त्यात उभे राहायला डुगडुगती खाट किंवा पोती, आणि रात्रीचे काम. अशा जागी तोल गेला तर आधाराला हात पाटातच जातो. पाट कोपराच्या उंचीवर येईल असा पक्का ओटा हवा, उजेड हवा आणि घास टाकणारा माणूस ठरावीक वेळाने बदलायला हवा. मजुरी पोत्यांवर ठरली की हा बदल सर्वांत आधी बंद होतो, याचा विचार मालकांनी करावा.

तोंड तुंबले तर पीटीओ सोडवावा, इंजिन बंद करावे आणि जो हात घालणार त्यानेच किल्ली खिशात ठेवावी. त्यानंतरही जड चाकाच्या वेगाने ड्रम काही वेळ फिरतच राहतो. तो पूर्ण थांबलेला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हात आत जाता कामा नये. फिरत्या ड्रममध्ये काठीही घालू नये, काठीबरोबर हात ओढला जातो.

म्हणून आमची विनंती आहे की, अपघाताची बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी तीन गोष्टी विचारून छापाव्यात: शाफ्टला कव्हर होते का, पाट किती लांब होता आणि सलग किती तास काम चालू होते.

— शेती अवजारे दुरुस्त करणारे काही कारागीर