विजेतेच दिवाळखोर?

महोदय,
महिला हँडबॉलच्या युरोपीय चॅम्पियन्स लीगचा २०२४-२५ चा हंगाम ग्योरच्या सातव्या विजेतेपदाने संपला. बुडापेस्टमधील अंतिम सामन्यात या हंगेरियन संघाने डेन्मार्कच्या ओडेन्सला २९-२७ असे हरवले. ग्योरचे मनापासून अभिनंदन! पण याच हंगामातली दुसरी घटना मला अस्वस्थ करते. २०२१, २०२२ आणि २०२३ असे सलग तीनदा युरोप जिंकणारा नॉर्वेचा विपर्स क्रिस्तियानसान हा क्लब जानेवारी २०२५ मध्ये, गटसामने चालू असतानाच, दिवाळखोरीत निघाला. ऐन हंगामात खेळाडूंवर नवे संघ शोधण्याची वेळ आली. त्याच उन्हाळ्यात जर्मन विजेत्या लुडविग्सबर्गचीही तीच गत झाली. हाच संघ २०२४ मध्ये बीटिगहाइम या नावाने युरोपचा उपविजेता होता!

प्रेक्षक नाहीत म्हणावे, तर बुडापेस्टच्या अंतिम फेरीला वीस हजारांच्या घरात गर्दी जमते. क्लबचा खर्च मात्र प्रामुख्याने प्रायोजकांवर चालतो आणि तारांकित खेळाडूंचे पगार भरताना शिल्लक काहीच उरत नाही. युरोपीय महासंघाने प्रवेश देतानाच पूर्ण हंगामाच्या पगाराची बँक हमी घ्यावी. लहान क्लबांना ती जड जाईल, हे खरे. त्यांच्यासाठी बक्षिसाच्या रकमेतून राखीव निधी काढता येईल. हंगामभर घाम गाळणाऱ्या मुलींचा पगार प्रायोजकाच्या मर्जीवर का अवलंबून असावा?

– एक हँडबॉलप्रेमी वाचक, नाशिक