सूर्य खवळला की वैश्विक किरण घटतात

महोदय,
सूर्यावरचे डाग वाढले, म्हणजे सूर्य खवळला, की ‘वैश्विक किरणांचा मारा वाढणार’ असे संदेश फिरू लागतात. घडते उलटेच! वैश्विक किरण म्हणजे आकाशगंगेतून येणारे विद्युतभारित कण. सौरवाऱ्यासोबत, म्हणजे सूर्यातून सतत वाहणाऱ्या कणांच्या झोतासोबत, सूर्याचे चुंबकीय क्षेत्र दूरवर पसरते आणि सूर्य स्वतःभोवती फिरत असल्याने त्याला सर्पिल पीळ पडतो. सूर्य खवळला की हे क्षेत्र अधिक जोरकस होते; वैश्विक किरण त्यात विखुरतात, बरेचसे बाहेरच अडतात. (सौरवादळात सूर्याचेच कण येतात, ती गोष्ट वेगळी.) सूर्य शांत असताना, उदाहरणार्थ २००९ मध्ये, हे किरण पृथ्वीपाशी जास्त पोहोचले. ऑगस्ट २०१२ मध्ये ‘व्हॉयेजर १’ हे यान सौरवाऱ्याच्या सीमेपार गेले, तेव्हा हे किरण एकदम वाढलेले आढळले. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या ‘आदित्य एल१’ या भारतीय यानावरची ‘सूट’ दुर्बीण तर पुण्याच्याच ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेने साकारली. म्हणूनच इथल्या वृत्तपत्रांनी हा विषय मराठीत सविस्तर मांडावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, कोथरूड, पुणे