वितळलेल्या क्षारांची अणुभट्टी : चर्चा उष्णता विनिमयकाची आणि ड्रेन टँकची व्हावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

थोरियम आणि त्यावर चालू शकणाऱ्या वितळलेल्या क्षारांच्या अणुभट्ट्या यांविषयी मराठी वृत्तपत्रांतून अलीकडे बरेच लिहिले जाते, याचा आनंद आहे. मात्र अशा लेखांत एक विधान हमखास येते : वीज गेली की भट्टीखालच्या नळीत गोठवून ठेवलेला क्षार आपोआप वितळतो, द्रवरूप इंधन खालच्या टाकीत, म्हणजे ड्रेन टँकमध्ये, उतरते आणि धोका टळतो. यातला शेवटचा भाग फार घाईने लिहिला जातो. सोलापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांत ज्यूस हीटर (उसाचा रस तापवणारे यंत्र) आणि इव्हॅपोरेटर (तो आटवणारे यंत्र) यांच्या देखभालीत माझी सारी नोकरी गेली, त्यामुळे उष्णता एका द्रवातून दुसऱ्या द्रवात नेणे किती जिकिरीचे असते हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून हा पत्रप्रपंच.

अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत अशी एक प्रायोगिक भट्टी १९६५ ते १९६९ या काळात प्रत्यक्ष चालली. लिथियम, बेरिलियम, झिर्कोनियम आणि युरेनियम यांच्या फ्लोराइडांचे मिश्रण हेच तिचे इंधन होते आणि ते सुमारे ६५० अंश सेल्सिअसला पाण्यासारखे वाहत असे. तिचा मुख्य उष्णता विनिमयक, म्हणजे एका द्रवाची उष्णता दुसऱ्या द्रवाला देणारे उपकरण, साखर कारखान्यातल्या कोणाही फिटरला ओळखू येईल असाच, म्हणजे शेल आणि ट्यूबचा होता. बाहेरच्या शेलमधून इंधनक्षार जाई आणि अर्धा इंच व्यासाच्या, यू आकारात वाकवलेल्या दीडशेहून अधिक ट्यूबांमधून दुसरा, युरेनियम नसलेला क्षार वाहत असे. धातू होता निकेल आणि मॉलिब्डेनम यांचा खास मिश्रधातू, कारण साध्या स्टेनलेस स्टीलमधले क्रोमियम हा गरम फ्लोराइड हळूहळू ओढून घेतो.

बसवण्यापूर्वी या विनिमयकाची पाण्यावर चाचणी घेतली तेव्हा ट्यूबा थरथरू लागल्या आणि रचनेत दुरुस्ती करावी लागली. पुढे भट्टी सुरू झाल्यावर तो अपेक्षेपेक्षा कमी उष्णता नेतो असे दिसले. आराखडा करताना क्षाराची उष्णतावाहकता प्रत्यक्षाहून जास्त धरली गेली होती, हे त्याचे एक कारण होते. शेवटी उष्णता हवेत सोडणारा रेडिएटरही कमी पडला आणि १० मेगावॅटसाठी आखलेली भट्टी ८ मेगावॅटच्या आसपासच थांबली. तरीही एक गोष्ट माझ्यासारख्याला थक्क करते. आमच्याकडे गळीत हंगामात ज्यूस हीटरच्या ट्यूबांवर काही दिवसांतच खपली धरते, उष्णता वहन घसरते आणि ट्यूबा साफ करायला घ्याव्या लागतात. तिथे मात्र चारही वर्षांत उष्णता वहन जवळजवळ जसेच्या तसे राहिले.

मग असा विनिमयक ऐसपैस, मोठ्या क्षेत्रफळाचा का बांधत नाहीत, असे कोणी विचारील. कारण त्यात जेवढा इंधनक्षार अडकून राहील तेवढे युरेनियम गाभ्याबाहेर निष्क्रिय पडून राहते, आणि भट्टीचे नियंत्रण ज्यांच्यावर अवलंबून असते त्या विलंबित (विखंडनानंतर थोड्या उशिराने सुटणाऱ्या) न्यूट्रॉनांपैकी काही गाभ्याबाहेरच सुटून वाया जातात. म्हणून ट्यूबा बारीक आणि दाटीवाटीने बसवाव्या लागतात, आणि दाटी केली की कंपन, वेल्डची संख्या व तपासणीची अडचण वाढते. दुरुस्तीसाठी माणूस जवळ जाऊ शकत नाही, हे वेगळेच. शिवाय लिथियमपासून तयार होणारा ट्रिटियम (हायड्रोजनचे किरणोत्सारी रूप) गरम धातूच्या भिंतीतून पाझरतो, म्हणजे ट्यूबला छिद्र नसूनही काहीतरी पलीकडे जातेच. वाफेच्या बाजूला आणखी एक पेच आहे. लिथियम-बेरिलियमचा क्षार सुमारे ४६० अंशांना गोठतो आणि बॉयलरला येणारे पाणी त्याहून बरेच थंड असते, त्यामुळे क्षार ट्यूबच्या भिंतीशीच गोठण्याची भीती राहते.

आता ड्रेन टँक. विखंडन, म्हणजे अणू फुटणे, थांबले तरी किरणोत्सारी पदार्थांची उष्णता निघतच राहते : बंद केल्याच्या क्षणी पूर्ण शक्तीच्या सहा ते सात टक्के, तासाभराने सव्वा-दीड टक्का, एका दिवसाने अर्धा टक्का. म्हणजे १०० मेगावॅट उष्णतेच्या भट्टीच्या टाकीला दुसऱ्या दिवशीही सुमारे ५०० किलोवॅट बाहेर टाकावे लागतील, आणि तेही वीज नाही असे गृहीत धरून. न्यूट्रॉनांचा वेग कमी करून साखळी प्रक्रिया चालू ठेवणारे गाभ्यातले ग्रॅफाइट टाकीत नसल्याने तिथे साखळी प्रक्रिया पुन्हा सुरू होत नाही, हे खरे. पण उष्णतेला ग्रॅफाइट असण्या-नसण्याशी कर्तव्य नाही. ओक रिजच्या टाक्यांत म्हणूनच वरून खाली सोडलेल्या, तळाशी बंद असलेल्या नळ्या होत्या आणि त्यांच्या आत, मध्ये फट ठेवून, पाण्याच्या नळ्या होत्या. पाणी उकळे, वाफ वर जाऊन थंड होई आणि आपल्याच वजनाने परत खाली येई. पंपाची गरज नव्हती. क्षार आणि पाणी यांच्यामध्ये दोन भिंती होत्या, त्यामुळे एक फुटली तरी दोन्हींची गाठ पडत नसे. त्याच टाकीला बाहेरून विजेचे हीटरही होते, कारण क्षार गोठू देणेही परवडत नाही. थंड करण्याची आणि गरम ठेवण्याची अशी दोन्ही सोय एकाच भांड्यात करावी लागते, आणि माझ्या मते संपूर्ण आराखड्यातला सर्वांत अवघड भाग हाच आहे.

ओक रिजची भट्टी बंद झाल्यावर तो क्षार टाक्यांतच गोठून राहिला. थंड क्षारात किरणोत्सारामुळे फ्लोरिन मोकळा होतो. त्याने युरेनियमचा वायू तयार होऊन तो नळ्यांतून दूर कोळशाच्या गाळणीपर्यंत पोचल्याचे १९९४ मध्ये आढळले. टाकीचा आराखडा पहिल्या काही तासांसाठी करून भागत नाही, तो पुढच्या कित्येक वर्षांसाठी करावा लागतो, असा याचा सरळ अर्थ आहे.

सोलापूरचा संबंध इथे येतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या आसपास जातो आणि पाण्याची टंचाई तर बारमाही. त्यामुळे पाण्याऐवजी हवेच्या नैसर्गिक ओढीने थंड होणारा ड्रेन टँक हा आपल्या भागाला जवळचा विषय आहे. क्षार ६०० अंशांवर असताना बाहेरची हवा २५ ऐवजी ४४ अंशांची असली, तर तापमानातला फरक ५७५ वरून ५५६ होतो, म्हणजे जेमतेम ३.३ टक्के घट. गरम हवा विरळ असल्याने चिमणीची ओढ आणखी थोडी कमी होईल, परंतु चिमणीची उंची वाढवून ती भरून काढता येईल. पाण्याच्या एका थेंबाविना हे साधत असेल, तर त्याचा अभ्यास सोलापुरातच का होऊ नये?

त्यासाठी किरणोत्सारी काहीही लागत नाही. सोडियम आणि पोटॅशियम नायट्रेटचे मिश्रण, जे सौर औष्णिक केंद्रांत वापरतात, ते सुमारे २२० अंशांना वितळते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने नायट्रेट क्षाराच्या नैसर्गिक अभिसरणाचे प्रयोग केलेलेच आहेत. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी लहानशी टाकी, विजेचा हीटर, बंद तळाच्या चार नळ्या आणि एक चिमणी एवढे उभारून एप्रिल-मेच्या दुपारी मोजमापे घ्यावीत. तापलेल्या नायट्रेटजवळ तेल, लाकूड वा कापूस येऊ देऊ नये, एवढे पथ्य मात्र कसोशीने पाळावे. या जिल्ह्यातील साखर कारखान्यांत ट्यूब एक्स्पांड करणारे आणि प्रेशर वेसल वेल्ड करणारे कसबी कारागीर आहेत. ऑफ सीझनमध्ये त्यांची मदत मिळू शकते, आणि माझ्यासारखे निवृत्त लोक आनंदाने येतील. आपल्या पत्राने थोरियमवर पुढचा लेख छापताना एखाद्या उष्णता अभियंत्याकडून टाकीविषयीही लिहून घ्यावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त साखर कारखाना अभियंता, सोलापूर