गटाराचं पाणी भरून नेणाऱ्यांनो, थँक्यू!
नाव माहीत नाही तुमचं कुणाचंच, पण थँक्यू म्हणायचं राहूनच गेलंय. मुंबईत २००१ पासून सांडपाण्यात पोलिओ शोधतायत, म्हणजे कुणीतरी जाऊन त्या घाणीत बादली सोडतं, बाटली भरतं, बर्फाच्या डब्यात घालून लॅबला पाठवतं, आपण मात्र नाल्याजवळून जाताना नाक दाबतो. लागण झालेल्या साधारण दोनशेतल्या एकालाच लुळेपणा येतो, बाकीच्यांच्या विष्ठेतून व्हायरस गुपचूप बाहेर पडत राहतो, घरच्यांनाही पत्ता नसतो, पण गटाराला सगळं कळतं! २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला तेव्हा फोटोंत मला तरी तुम्ही कुठे दिसला नाहीत. मग कोविडमध्येही हीच युक्ती कामाला आली. तर दादा-ताईंनो, मनापासून आभार, आणि हो, ग्लोव्हज घालत जा हं.