दोन मिनिटांत डबा कसा शोधायचा?

संपादकसाहेब,

मला अजिबात दिसत नाही, तरी मी ट्रेनने एकटीच फिरते, रत्नागिरीला आईकडे महिन्यातून एक खेप असतेच. आम्हाला स्लीपर आणि थर्ड एसीच्या तिकिटात 75 टक्के सवलत आहे, सोबत्यालाही तेवढीच, पण दरवेळी सोबती आणायचा कुठून, आणि का आणावा?

अडचण डब्याची आहे. दिव्यांगांचा डबा बहुतेक गाड्यांना टोकाला असतो, पण पुढच्या की मागच्या ते आधी कळत नाही, गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते, आणि डब्यांचे नंबर बोर्डावर पेटतात त्याचा मला काय उपयोग! गेल्या पावसात मी फलाटावर आम्हाला वाट कळावी म्हणून बसवलेल्या पिवळ्या उठावाच्या लाद्या काठीने चाचपत चालले होते, तर मध्येच लाद्यांवर मासळीच्या थर्माकोलच्या पेट्या, पाणी गळत होतं, पाय सरकलाच. एका मावशींनी "बाय, हांगा यो" करत मला ओढलं. मी म्हटलं, मावशी, ओढू नका, मला तुमचं कोपर धरू द्या, मग बरोब्बर डब्यापर्यंत गेलो. (मदत करायची तर अशीच करा हो.)

आत गेलं की काही त्रास नाही, नव्या डब्यांत बर्थचे नंबर ब्रेलमध्ये असतात, बोटाने वाचते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्टेशनंही येतात. गाडी यायच्या दहा मिनिटं आधी दिव्यांग डबा कुठल्या टोकाला ते स्पीकरवर कोंकणी-मराठीत सांगा, आणि त्या लाद्या तेवढ्या मोकळ्या ठेवा.

- एक वाचक, डिचोली